पंधरा मिनिटे आणि एक सतरंजी

घर आशीर्वादित करण्यासाठी धर्मगुरूला घराच्या प्रत्येक खोलीत जावे लागते. पवित्र पाणी शिंपडीत ओसरीपासून माळ्यापर्यंत फिरताना कुटुंबाच्या जीवनाचे जे दर्शन घडते, ते धर्मग्रामाच्या नोंदवहीत कधीच सापडत नाही. गेल्या काही वर्षांत एक दृश्य मला वारंवार दिसू लागले आहे. शयनगृहाच्या कोपऱ्यात विजेवर चालणारे धावण्याचे यंत्र उभे असते आणि त्याच्या दांड्यांवर टॉवेल वाळत असतात. ‘फादर, दोन-तीन महिने नेमाने केले, मग राहून गेले,’ असे घरधनी ओशाळून सांगतो. त्याच घरातील आजीबाई संध्याकाळच्या प्रार्थनेला गुडघे टेकतात, पण नातवाचा हात धरल्यावाचून त्यांना उठता येत नाही. एकाच छपराखाली हजारो रुपयांचे यंत्र आणि जमिनीवरून आपले आपण उठू न शकणारे माणूस!

हा विरोधाभास आजचा वाटला तरी त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. शरीर सुदृढ करण्यासाठी साधने लागतात की आपले शरीर हेच पुरेसे साधन आहे, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला आणि युरोप, आपले औंध संस्थान, अमेरिका व कॅनडा अशी भ्रमंती करीत आजच्या आपल्या दिवाणखान्यापर्यंत येऊन पोहोचला. त्या इतिहासात विनोद आहे, व्यापार आहे आणि आपण आजही घ्यावा असा एक धडाही आहे.

साधनाविना व्यायाम ही काही युरोपची देणगी नव्हे. जोर आणि बैठका हे आपल्या तालमींचे फार जुने धन आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या आहाराचे आणि मेहनतीचे वर्णन आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या गामा पैलवानाने १९१० साली लंडनला जाऊन पाश्चात्त्य मल्लांना चकित केले, त्याचे बळही मुख्यतः जोर-बैठकांतून घडले होते. परंतु ही विद्या तालमीतली होती. तिला लाल मातीचा हौदा, वस्ताद, खुराक आणि मोकळा वेळ लागे. ती पैलवानाची विद्या होती, कारकुनाची नव्हे. आणि स्त्रीला तर तालमीचा उंबरठाही ओलांडता येत नसे.

सामान्य घराला मात्र अशा विद्येची गरज तोपर्यंत भासलीच नव्हती. विहिरीचे पाणी शेंदणे, जात्यावर दळणे, उखळात कांडणे, डोक्यावरून भारे वाहणे यांतच शरीराचे कण झिजत. त्या कष्टांना आज ‘नैसर्गिक व्यायाम’ म्हणून गौरविणे मला रुचत नाही. त्यांत विश्रांती नव्हती, निवड नव्हती आणि आपल्या कितीतरी माउलींच्या कमरा त्यांनीच मोडल्या. तथापि एक गोष्ट खरी, की दिवसभर बसून पोट भरण्याची सोय जेव्हा झाली, तेव्हाच मुद्दाम व्यायाम करण्याची गरज निर्माण झाली. युरोपच्या शहरांत ही अवस्था आपल्या आधी आली. म्हणून घरगुती व्यायामाचा बाजारही तेथेच आधी भरला.

या बाजाराचा पहिला मोठा नायक म्हणजे युजीन सँडो. १८६७ साली प्रशियातील कोनिग्जबर्ग येथे जन्मलेल्या या बलदंड पुरुषाने रंगमंचावर आपल्या पिळदार स्नायूंचे प्रदर्शन करून कीर्ती मिळविली आणि मग त्या कीर्तीचे दुकान मांडले. पुस्तके, मासिक, स्प्रिंगचे डंबेल्स, ताणण्याच्या दोऱ्या अशी नाना साधने त्याच्या नावावर खपू लागली. १९०४–०५ मध्ये त्याने हिंदुस्थानचा दौरा केला, तेव्हा त्याचे प्रयोग पाहण्यास येथेही लोक लोटले. आपण बिनबाह्यांच्या बनियनला आजही ‘सँडो’ म्हणतो, ते त्याच्याच नावावरून. मनुष्याची कीर्ती अखेर बनियनवर उरावी, ही इतिहासाची गंमतच!

त्याच सुमारास कोपनहेगन येथे या साधनांच्या बाजाराला एका सडपातळ डेन्मार्कवासीयाने आव्हान दिले. त्याचे नाव यॉर्गन पीटर म्युलर. योगायोग असा, की सँडोचे मूळ आडनावही म्युलरच होते. परंतु दोन म्युलरांत साम्य एवढेच. हा दुसरा म्युलर १८६६ साली जन्मला तेव्हा त्याचे वजन अवघे साडेतीन पौंड, म्हणजे सुमारे दीड किलो होते. सिगारच्या साध्या पेटीत मावेल एवढेच ते मूल होते, असे तो स्वतःच सांगत असे. बालपण दुखण्यांत गेले. पुढे त्याने व्यायामाच्या बळावर आपली प्रकृती घडविली, धावणे-पोहण्याच्या शर्यतींत पारितोषिके मिळविली आणि क्षयरोग्यांच्या व्हायलेफ्योर्ड येथील आरोग्यधामात निरीक्षकाचे काम केले. कोंदट खोलीत, बंद खिडक्यांआड माणसे कशी खंगतात हे त्याने तेथे रोज पाहिले असणार.

१९०४ साली म्युलरने ‘माझी पद्धती’ या अर्थाच्या नावाचे छोटे पुस्तक डॅनिश भाषेत प्रसिद्ध केले. रोज पंधरा मिनिटे, एवढीच त्याची मागणी होती. एकूण अठरा व्यायाम: पहिले आठ हालचालींचे, मग थंड पाण्याची आंघोळ आणि त्यानंतर तळहातांनी सर्वांग चोळीत करावयाचे दहा. डंबेल्स नकोत, दोऱ्या नकोत. खिडकी उघडी असावी म्हणजे झाले. दंडांवरचे गोळे फुगविण्यास तो महत्त्व देत नसे. पोट, पाठ, फुप्फुसे, हृदय आणि त्वचा यांची निगा हेच त्याचे ध्येय होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याने अंगावरील तेल व धूळ खरवडून काढणाऱ्या एका ग्रीक तरुणाचे चित्र छापले. लिसिपस या शिल्पकाराच्या त्या कृतीची संगमरवरी रोमन प्रतिकृती १८४९ मध्ये रोमच्या त्रास्तेवेरे भागात सापडली आणि ती आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात उभी आहे. रोमला जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंनी तिच्यासमोर क्षणभर थांबावे. तो तरुण सँडोसारखा फुगलेला नाही. तो सडसडीत आहे, थकलेला आहे आणि स्वस्थ आहे.

म्युलरचे पुस्तक पाहता पाहता युरोपभर पसरले आणि पंचवीस भाषांत गेले. कार्यालयांत वाकून बसणाऱ्या नोकरदारांना ते आपल्यासाठीच लिहिले आहे असे वाटले. विमा कार्यालयात नोकरी करणारा प्राग शहरातील थोर साहित्यिक फ्रान्झ काफ्का हा उघड्या खिडकीपुढे म्युलरचे व्यायाम नेमाने करीत असे. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी म्युलरने पुढे स्वतंत्र पुस्तके लिहिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यांना तालमीचा दरवाजा बंद होता, त्यांना घराच्या चार भिंतींत ही वाट मोकळी झाली.

आता आपण आपल्या सातारा जिल्ह्यात येऊ. कारण सँडोपासून साधनाविना व्यायामाकडे झालेला हाच प्रवास येथे एका राजाने स्वतःच्या देहावर करून पाहिला. औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी सँडोची पुस्तके व साधने मागवून सुमारे दहा वर्षे ती नेमाने वापरली होती. पुढे त्यांनी ती बाजूस सारून सूर्यनमस्कारांची कास धरली. १९०९ मध्ये ते गादीवर आले आणि आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कारांचा परिपाठ सुरू केला. एक नमस्कार म्हणजे दहा अवस्थांची मालिका. वाकणे, पाय मागे टाकणे, जोरासारखे खाली जाणे, छाती वर उचलणे, पुन्हा उभे राहणे. आणि या साऱ्याला पुरते तेवढी जमीन, जेवढी एका सतरंजीने झाकते. १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाने त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि औंधच्या राजवाड्यातला व्यायाम इंग्लंडच्या गृहिणींपर्यंत गेला.

नमस्कारांना जोडलेल्या मंत्रांमुळे ख्रिस्ती घरांत या व्यायामाविषयी संकोच असतो, याची मला जाणीव आहे. तो प्रश्न ज्याने त्याने आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक राहून सोडवावा. येथे मला इतिहासाचा मुद्दा सांगायचा आहे तो निराळा. वाटेल ती साधने विकत घेण्याची ऐपत असलेल्या माणसाने दहा वर्षांच्या अनुभवानंतर ती दूर ठेवली आणि जमिनीचा आश्रय घेतला. शिवाय आपल्या प्रजेतील गरीब विद्यार्थ्याला देता येईल असा व्यायाम तोच होता. कारण डंबेल्स शेकडो शाळांना पुरविता येत नाहीत, पण जमीन सर्वांपाशी असते.

तिसरी कथा अमेरिकेची, आणि तिला थोडी उपहासाची झालर आहे. इटलीतील अक्री गावी १८९२ मध्ये जन्मलेला अँजेलो सिसिलियानो हा मुलगा लहानपणी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आला. तेथे गरिबीत वाढलेल्या या किडकिडीत पोराने शरीर कमावले, ‘चार्ल्स अ‍ॅटलस’ हे नाव धारण केले आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी देहसौष्ठवाच्या स्पर्धा जिंकल्या. पुढे टपालाने व्यायामाचे धडे विकण्याचा त्याचा धंदा अफाट वाढला. एका स्नायूचा जोर दुसऱ्या स्नायूवर लावायचा, साधन मुळीच वापरायचे नाही, हे त्याच्या पद्धतीचे सूत्र. समुद्रकिनाऱ्यावर दांडगटाने तोंडावर वाळू उडविलेला अशक्त तरुण धडे घेऊन त्याचा सूड उगवितो, ही त्याची चित्रमय जाहिरात पिढ्यान्पिढ्या मुलांच्या मासिकांत झळकली.

वजने विकणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्याने मग ओरड केली, की केवळ या धड्यांनी असे शरीर घडणे शक्य नाही. १९३० च्या दशकात हे भांडण अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे गेले आणि निकाल अ‍ॅटलसच्या बाजूने लागला. तथापि इतिहासाच्या वाचकाने येथे थोडे थबकावे. साधने विकणारा जसा व्यापारी, तसा ‘साधने नकोत’ हा मंत्र विकणाराही व्यापारीच. आणि अ‍ॅटलसने विकली ती प्रकृती नव्हे. विकली ती लाज. आपल्या किडकिडीत देहाची तरुणाला वाटणारी लाज हे त्याचे भांडवल होते. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पिळदार देह पाहून स्वतःला कमी लेखणाऱ्या आपल्या मुला-मुलींचे दुःख तेच आहे. लाजेतून सुरू झालेला व्यायाम फार काळ टिकत नाही, कारण आरशाचे समाधान कधी होतच नाही.

ज्यात ना लाज विकली, ना साधन, असा प्रयत्न अखेर एका सरकारी खात्याने केला. १९५० च्या दशकात कॅनडाच्या हवाईदलापुढे अडचण उभी राहिली. त्याचे पुष्कळसे वैमानिक शारीरिक दृष्ट्या अपात्र ठरू लागले होते आणि उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात विखुरलेल्या तळांवर व्यायामशाळा उभारणे शक्य नव्हते. बिल ऑर्बन या तज्ज्ञाने त्यासाठी एक योजना आखली. पुरुषांसाठी पाच व्यायाम, वेळ अकरा मिनिटे. स्त्रियांसाठी दहा व्यायाम, वेळ बारा मिनिटे. पुढे वाकणे, उताणे झोपून उठणे, पालथे होऊन पाठ उचलणे, जोर आणि जागच्या जागी धावणे, असा पुरुषांचा क्रम होता. स्वस्त पुस्तिकेच्या रूपाने ही योजना जनतेपुढे आली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या.

ऑर्बनच्या योजनेतील खरी प्रतिभा व्यायामांत नव्हती, तक्त्यांत होती. प्रत्येक तक्त्यावर लहान लहान पायऱ्या आखलेल्या होत्या. आज इतक्या वेळा, काही दिवसांनी त्याहून किंचित अधिक. वय जितके जास्त, तितके अधिक दिवस त्याच पायरीवर थांबायचे. घाई करायची नाही. आजचे तज्ज्ञ त्यातील एक-दोन व्यायाम, विशेषतः पाय ताठ ठेवून उठण्याचा प्रकार, कमरेला अपायकारक मानतात आणि तो सोडणेच इष्ट. परंतु पायरीपायरीने चढण्याचे तत्त्व आजही अबाधित आहे. शरीराला कालच्यापेक्षा थोडेसे अधिक काम दिले, की ते त्याला जुळवून घेते आणि बलवान होते. एकदम फार दिले, तर दुखावते. आणि तेवढेच देत राहिले, तर तेथेच थांबते.

आता या कथा शेजारी शेजारी ठेवून पाहा. म्युलर, भवानराव आणि ऑर्बन हे तीन भिन्न देशांतले, भिन्न श्रद्धांचे, भिन्न परिस्थितीतले लोक. तरीही त्यांच्या पद्धतींत तीन गोष्टी समान आहेत: थोडा पण ठरलेला वेळ, सतरंजीएवढी जागा आणि मोजून करावयाची कृती. घरात जो व्यायाम टिकला, तो या तिन्हींमुळे टिकला. यंत्र विकत घेताना आपण या तिहींपैकी एकही विकत घेत नाही. आपण घेतो तो फक्त एक संकल्प. आणि पैसे दिले की संकल्प पूर्ण झाल्यासारखे मनाला वाटते. टॉवेल वाळत पडतात ते त्यामुळे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने व्यायामशाळांना टाळे लागले, मैदाने ओस पडली आणि पायी फिरणेही थांबले. त्या दिवसांत हा सारा इतिहास पुन्हा घराघरांत जागा झाला. गच्चीवर, ओसरीवर, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फटीत माणसे जोर-बैठका काढू लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने आपली मार्गदर्शक सूत्रे नव्याने प्रसिद्ध केली. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा आणि वृद्धांनी तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीन दिवस तरी करावा, असे ती सांगतात. पूर्वी सलग दहा मिनिटे तरी व्यायाम हवा असे मानीत. ती अटही आता उरलेली नाही. थोडे थोडे केलेलेही जमा होते.

आणि वृद्धांनी ‘आता आमचे काय होणार?’ असे म्हणू नये. ब्राझीलमधील क्लॉडियो आरौजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ स्त्री-पुरुषांना जमिनीवर बसून पुन्हा उठण्यास सांगितले. हात किंवा गुडघा टेकावा लागला, की एक गुण वजा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत असे दिसले, की ज्यांना सर्वांत कमी गुण मिळाले, त्यांच्यात पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी अधिक होते. अर्थात जमिनीवरून उठता न येणे हे मृत्यूचे कारण नव्हे; ते पायांतले बळ, सांध्यांची लवचीकता आणि तोल हरपल्याचे चिन्ह आहे. पण ते बळ परत मिळविता येते. १९९० मध्ये बोस्टन येथील एका प्रयोगात नव्वदीच्या घरातील दुर्बल वृद्धांनी आठ आठवडे पायांचा व्यायाम केला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीच पटींहून अधिक वाढली. तेथे वजनांची साधने होती हे खरे. परंतु नव्वदाव्या वर्षीही स्नायू सादाला प्रतिसाद देतात, हे त्यातून सिद्ध झाले.

मग आपल्या घरी काय करावे? इतिहासाने चाळून दिलेले चार प्रकार पुरेत. पहिला, भिंतीला टेकलेल्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे आणि सावकाश बसणे. ही बैठकीची पहिली पायरी. दुसरा, भिंतीवर तळवे टेकून काढलेले जोर. ते सोपे वाटू लागले की भक्कम टेबलाच्या कडेवर, आणि त्यानंतर जमिनीवर. तिसरा, उताणे पडून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणे. चौथा, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे. जोडीला रोजचे चालणे असावेच. या सर्वांत ढकलणे आहे, उठणे आहे. ओढणे मात्र नाही, आणि घरगुती व्यायामाची ती खरी उणीव आहे. तिच्यासाठी दोन किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी पुरते. पुढे वाकून, एक हात टेबलावर टेकून, दुसऱ्या हाताने ती कमरेपर्यंत उचलावी. आरंभी प्रत्येक प्रकार पाच वेळा; दर आठवड्याला एकेक वाढवावा. श्वास कोंडू नये. हृदयविकार, रक्तदाब किंवा सांध्यांचे दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि छातीत दुखले किंवा घेरी आली, तर तत्काळ थांबावे.

हे मी अलिप्तपणे सांगत नाही. पन्नाशीनंतर रक्तातील साखर वाढली, तेव्हा डॉक्टरांनी मला हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठण्यास सांगितले. सातव्या वेळी मी खुर्चीचा हात पकडला. सेमिनरीत असताना फुटबॉलच्या मैदानावर धावलेले पाय मला सोडून गेले होते आणि त्याचा मला पत्ताही नव्हता. तेव्हापासून सकाळच्या मिस्सेपूर्वी पंधरा मिनिटे मी सतरंजी अंथरतो. काही दिवस चुकतात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अंथरतो; त्यापलीकडे माझ्यापाशी दुसरी युक्ती नाही.

पुढल्या वेळी मी आपल्या घरी येईन, तेव्हा कोपऱ्यातील यंत्र दिसले तरी त्याचा उल्लेख करणार नाही. प्रार्थना संपल्यावर आजीबाई कशा उठतात, एवढेच पाहीन. नातवाने हात पुढे करावा आणि त्यांनी तो प्रेमाने बाजूला सारून आपले आपण उठावे, ही माझी अपेक्षा फार मोठी नाही. फार तर तो हात त्यांनी उठल्यानंतर धरावा.